सोफ्यावर बसल्यासारखं

"पाय जरा चेप गं," आई म्हणाल्या आणि त्यांनी डावा पाय उचलून माझ्या मांडीवर ठेवला.

गाडी चार्जिंगला लावली होती. जालन्याच्या बरंच अलीकडे, नव्या महामार्गाला लागून एक हॉटेल होतं. त्याच्या मागे पत्र्याच्या शेडखाली चार्जिंगची दोन यंत्रं होती. एक बंद होतं आणि दुसरं मे महिन्याच्या उन्हात फार सावकाश चालत होतं. माझा नवरा हृषी यंत्रासमोर उभा राहून मोबाइलवर टक्के वाढताना बघत होता. त्याची मोठी बहीण निलूताई चहा आणायला गेल्या होत्या. आई, म्हणजे माझ्या सासूबाई, मागच्या सीटवर दाराला पाठ टेकून आडव्या बसल्या होत्या. त्यांच्या पायथ्याशी मी.

यवतमाळला आईंच्या भाच्याचं लग्न होतं. ते आटोपून आम्ही चौघं पुण्याला परतत होतो.

मला त्या घरात येऊन वर्षही झालं नव्हतं. आमच्याकडे रोज रात्री जेवणं झाली, की आईंचे पाय चेपले जायचे. निलूताई आमच्याच गल्लीत राहायच्या, त्या त्यासाठी येऊन जायच्या. त्यांना जमलं नाही तर हृषी बसायचा. लग्नाच्या गडबडीत मात्र तेवढे दिवस ते राहून गेलं होतं. मला कोणी कधी सांगितलं नव्हतं आणि मी कधी विचारलं नव्हतं. ते नातं वेगळं आहे, एवढं मला कळत होतं. त्यामुळे आईंनी आपण होऊन माझ्या मांडीवर पाय ठेवला, तेव्हा मला बरं वाटलं. इतकं बरं, की मी पाण्याची बाटली बाजूला ठेवून पदराला हात पुसावेत तसे ओढणीला हात पुसले.

साडीचा काठ थोडा वर सारून मी पोटरीवर तळवा ठेवला. तो तिथंच राहिला.

पोटरी गरम होती. उन्हानं कातडी तापते तशी नाही; आतून, ताप आल्यासारखी. आणि घट्ट. मी दुसरा हात त्यांच्या उजव्या पोटरीवर ठेवून पाहिला. ती मऊ होती, गार होती. मग डाव्या घोट्याच्या वर अंगठ्यानं हलकंच दाबलं. अंगठा काढला तरी खळगा भरून आला नाही.

"काय बघून राहिली?" आई म्हणाल्या. त्यांचं सगळं आयुष्य यवतमाळला गेलं होतं. पुण्यात येऊन बोली तीच राहिली होती.

"हा पाय कधीपासून दुखतोय?"

"दुखत कुठं आहे? बसून बसून आखडला. चेप ना जरा जोरानं."

मी डॉक्टर नाही. मी जीवरसायनशास्त्रात एम.एस्सी. केलं आहे. तेव्हा पुण्यातल्या एका प्रयोगशाळेत, रक्त गोठण्याच्या चाचण्या होतात त्या विभागात होते. तिथं माणसं दिसत नाहीत, नळ्या दिसतात. नळीवर नाव, वय, वॉर्ड. कोणाच्या पायातल्या शिरेत गाठ झाल्याचा संशय असला, की त्याच्या रक्ताची नळी आमच्याकडे यायची. बऱ्याचशा नळ्या रोज यायच्या, आकडा उतरत जायचा आणि एक दिवस ते नाव येईनासं व्हायचं, कारण माणूस घरी गेलेलं असायचं. काही नळ्या एकदाच यायच्या. त्या माणसांची गाठ पायातून सुटून फुप्फुसात गेलेली असायची. आमच्याकडच्या एका वरिष्ठ बाई नव्या मुलींना एवढंच सांगायच्या, की शंका असेल तो पाय हलवू नये, चोळू नये, आणि त्याचं कारण त्या पुन्हा सांगायच्या नाहीत.

मी आईंचा पाय दोन्ही हातांवर तोलून धरला.

"मी नाही चेपणार, आई."

त्याच वेळी निलूताई चहाचे कागदी कप घेऊन उघड्या दाराशी आल्या होत्या. त्यांनी ते ऐकलं. त्या शाळेत मराठी शिकवायच्या आणि घरातही वर्गातल्यासारखं, सावकाश आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलायच्या.

"काय म्हणालीस?"

"पाय चेपायला नको, निलूताई."

"आईनं कधी नव्हे ते तुला सांगितलं, आणि तू नाही म्हणतेस?"

"आत्ता नको. मी सांगते तुम्हाला."

"सांगायचं काय त्यात? कमीपणा वाटत असेल तर वाटतो म्हण. सरक." त्यांनी कप गाडीच्या टपावर ठेवले आणि पिशवीतून तिळाच्या तेलाची बाटली काढली. ती बाटली त्यांच्याजवळ नेहमी असायची. "आई, पाय दे इकडं. असा मोकळा करते की पुण्यापर्यंत बघायला नको."

"घे बाई," आई म्हणाल्या. "हिला नाही जमायचं."

निलूताईंनी तळहातावर तेल घेतलं आणि वाकल्या. मी त्यांचं मनगट धरलं. याआधी मी त्यांना नमस्कारापुरतीच शिवले होते. तेल माझ्या बोटांवरून आईंच्या साडीवर सांडलं.

"सोड."

"नाही."

"मंजिरी, सोड म्हणते ना."

"निलूताई, पाया पडते तुमच्या. फक्त पाच मिनिटं. आईंच्या पायाला हात लावू नका."

माझा आवाज कसा होता मला माहीत नाही. पण त्यांनी हात मागे घेतला. मी गळ्यातली ओढणी काढली, तिची पट्टीसारखी घडी केली आणि आईंच्या उजव्या पोटरीभोवती, गुडघ्याच्या जरा खाली, एकदा गुंडाळली. टोक जिथं आलं तिथं सेफ्टी पिन टोचली. मग तीच पट्टी त्याच उंचीवर डाव्या पोटरीभोवती धरली. टोक पिनेपर्यंत पोचेना. मध्ये माझी तीन बोटं मावली.

"हे काय करून राहिली?" आई म्हणाल्या. "ब्लाउज शिवतेस का पायाला?"

त्या हसल्या. निलूताई हसल्या नाहीत. त्या पिनेकडे आणि माझ्या तीन बोटांकडे बघत राहिल्या.

हृषीला मी यंत्राच्या पलीकडे नेलं आणि सांगितलं. त्यानं आधी मोबाइल खिशात ठेवला, मग परत काढला.

"सूज असेल. प्रवासानं सगळ्यांच्याच पायांना येते."

"दोन्हींना येते."

"अगं, पण मी दर थोड्या वेळानं विचारतोय तिला. तूच ऐकतेस ना? म्हणते सोफ्यावर बसल्यासारखं वाटतंय."

ते खरं होतं. गाडी त्यानं आईंच्या पाठीसाठी घेतली होती. जुन्या गाडीत त्यांना तासभर बसलं तरी कंबर धरून उतरावं लागायचं. ही गाडी बघायला गेलो तेव्हा शोरूममध्ये त्यांना मागच्या सीटवर बसवून हृषीनं विचारलं होतं आणि त्या म्हणाल्या होत्या, "अरे, सोफ्यावर बसल्यासारखं वाटून राहिलं." ते वाक्य तो महिनाभर सगळ्यांना सांगत होता. गाडी दारात आल्यावर मात्र एक गोष्ट लक्षात आली. खाली बॅटरी असल्यामुळे या गाड्यांचा तळ उंच असतो. पाय खाली सोडले की गुडघे वर येतात, मांड्या सीटवरून उचलल्या जातात आणि सगळा भार माकडहाडावर येतो. बुटक्या माणसाला कळत नाही, पण आई उंच होत्या. हृषीनं त्यावर उपाय काढला. निलूताईंनी आईंच्या जुन्या साड्यांची शिवलेली एक गोधडी होती, तिची त्यानं घट्ट वळकटी केली, सुतळीनं बांधली आणि आईंच्या मांड्यांखाली, गुडघ्यांच्या मागे बसवली. आता मांड्यांना आधार मिळाला, असं तो म्हणाला. दिसायलाही तसंच दिसत होतं.

"ती वळकटी," मी म्हणाले.

"काय?"

"गुडघ्याच्या बरोबर मागे येते. तिथून शीर जाते."

तो माझ्याकडे बघत राहिला. मग मागे वळून गाडीकडे.

"तू म्हणतेस तसं नसलं तर?"

"तर आपण उगाच जालन्याला जाऊन आलो. निलूताई मला वर्षभर बोलतील. बोलू देत."

त्यानं रुग्णवाहिकेसाठी फोन केला. ती जालन्याहूनच यायची होती. ती येणार आणि मग आईंना घेऊन परत जाणार, त्यापेक्षा आपण निघालेलं बरं, असं फोनवरच्या माणसानंही सांगितलं. प्रश्न फक्त गाडीचा होता. स्क्रीनवर गाडी अजून किती जाईल तो आकडा होता, आणि नकाशात जालन्याचं अंतर. पहिला आकडा दुसऱ्यापेक्षा थोडासाच मोठा होता.

"अर्धा तास थांबलो तर निवांत जाऊ," हृषी म्हणाला.

त्यानं चार्जिंगची केबल ओढून काढली.

आम्ही वळकटी काढून डिकीत टाकली. आईंना मागच्या सीटवर तसंच आडवं बसवलं, पाठीला उशी, डावा पाय सीटवर लांब सोडलेला. टाच माझ्या मांडीवर. निलूताई पुढे बसल्या. मी त्यांना हॉटेलच्या भिंतीशी नेऊन दोन वाक्यांत सांगितलं होतं. त्यांनी फक्त विचारलं, "तुला नक्की माहीत आहे?" मी नाही म्हणाले. त्या गाडीत जाऊन बसल्या.

"हे काय, चार्जिंग झालं एवढ्यात?" आई म्हणाल्या.

"जालन्यात एका डॉक्टरांना पाय दाखवू," हृषी म्हणाला. "वाटेतच आहे."

"पाय आखडला तर डॉक्टर? तुमच्या पुण्याच्या लोकांचं काही खरं नाही."

"आई, पाणी प्या," मी म्हणाले.

"नको गं."

"सकाळपासून तुम्ही चहाशिवाय काही घेतलेलं नाही."

"पाणी प्यायलं म्हणजे मग वाटेत कुठं जाऊ? हॉटेलातला तो संडास पाहिलास तू? मी प्रवासात पाणी पीत नाही. माझ्या आईनंच सवय लावली."

निलूताई पुढून मागे वळल्या. "आई, पी. कुठंही थांबू. मी साडी धरून आडोसा करीन."

आईंना ते ऐकून इतकं नवल वाटलं, की त्यांनी बाटली घेतली आणि दोन घोट प्यायल्या.

एसी लावला असता तर स्क्रीनवरचे दोन आकडे सारखे झाले असते. काचा उघडल्या असत्या तर वाऱ्याला छेदायला गाडीला जास्त वीज लागली असती. म्हणून दोन्ही बंद. निलूताई लग्नाच्या उरलेल्या पत्रिकेनं आईंना वारा घालत होत्या. पत्रिकेला चिकटवलेल्या चमकी गाडीभर उडत होत्या. हृषी डावीकडून, बैलगाडी चालवावी तशी हळू गाडी चालवत होता. मागून येणारे ट्रक हॉर्न देत जात होते.

विजेवरची गाडी आवाज करत नाही. आधी त्याचं कौतुक वाटायचं. त्या दुपारी मात्र मला इंजिनाचा आवाज हवा होता. पेट्रोलच्या गाडीत जे ऐकू येत नाही ते सगळं इथं ऐकू येत होतं. पत्रिकेची फडफड, हृषीचं घड्याळ स्टिअरिंगला लागायचं तो आवाज, आणि आईंचा श्वास. मी त्यांची टाच एका हातावर आणि घोटा दुसऱ्यावर धरून बसले होते. दाबायचं नाही, हलू द्यायचं नाही. रस्त्यावरच्या प्रत्येक सांध्यावर गाडी टक्कन वाजायची आणि माझ्या हातांवर तो धक्का यायचा. मला वाटायचं, आत काहीतरी चिकटून बसलं आहे, आणि ते कितपत घट्ट चिकटलं आहे हे कोणालाही माहीत नाही. श्वास आत गेला की मी तो बाहेर येण्याची वाट बघायचे.

"बरं वाटतंय का गं आई?" हृषीनं आरशातून विचारलं.

"सोफ्यावर बसल्यासारखं," आई म्हणाल्या.

थोड्या वेळानं आईंनी डोळे मिटले. मला त्यांनी डोळे मिटायला नको होते.

"आई, नवरीचं नाव काय ठेवलं?" मी विचारलं.

"हं? तू नव्हतीस का तिथं? आरती का काहीतरी."

"आरती नाही, आर्या," निलूताई म्हणाल्या. "आणि जेवणात वांग्याची भाजी खारट झाली होती."

"तू दोनदा घेतलीस."

"खारट आहे का ते बघायला दुसऱ्यांदा घेतली."

आई हसल्या. आणि हसता हसता खोकल्या.

एकदा, मग पुन्हा, आणि मग थांबेना. त्या कोपरावर उठल्या. पत्रिका थांबली. हृषीचा हात स्टिअरिंगवरून निसटला आणि गाडी पांढऱ्या रेघेवर गेली. मी त्यांच्या ओठांकडे बघत होते. रंग बघत होते. खोकला हे एक लक्षण असतं, कागदांवर लिहिलेलं असायचं. खोकला, दम लागणं, छातीत दुखणं, त्याच क्रमानं.

"छातीत दुखतंय? आई, छातीत दुखतंय का?"

त्यांनी हातानं थांब म्हणून खूण केली. खोकून खोकून डोळ्यांतून पाणी आलं होतं. मग त्यांनी जिभेवरून काहीतरी काढून बोटावर धरलं आणि मला दाखवलं.

"बडीशेपेची काडी," त्या म्हणाल्या. "मघापासून घशात होती मेली."

निलूताईंनी तोंड खिडकीकडे फिरवलं. त्यांचे खांदे हलत होते. त्या हसत होत्या की रडत होत्या, मला मागून कळलं नाही.

शहर दिसू लागलं तेव्हा स्क्रीनवर कासवाचं चिन्ह उमटलं. बॅटरी अगदी संपत आली, की गाडी स्वतःचा जोर कमी करते, त्याची ती खूण. हृषीनं पाय कितीही दाबला तरी गाडी आता सायकलच्या वेगानं जात होती. एका चढावर ती थांबेल असं वाटलं. त्यानं श्वास रोखून धरला होता, जणू त्यानं वजन कमी होणार होतं. मागच्या रिक्षावाल्यानं डोकं बाहेर काढून विचारलं, "ढकलू का साहेब?" हृषीनं मानेनं नाही म्हटलं, मग लगेच हो म्हटलं. पण तोवर चढ संपला होता. हॉस्पिटलच्या दारात गाडी उतारावरून आपसूक शिरली आणि उभी राहिली. ती परत सुरू झाली नाही. रात्री दुसरी गाडी बोलावून तिला तिथून उचलून न्यावं लागलं, पण तोवर आमच्यापैकी कोणाला तिची आठवण नव्हती.

डॉक्टर तरुण होत्या. त्यांनी सोनोग्राफीचं यंत्र पायावरून वर वर फिरवलं, गुडघ्याच्या मागे बराच वेळ थांबल्या, मग मांडीपर्यंत गेल्या. पडद्यावर मला एक काळी नळी दिसत होती. त्या यंत्रानं वरून दाबत होत्या. शीर दाबली की चपटी व्हायला हवी. ती होत नव्हती.

"घरी कोणी चोळलं का? शेक, तेल, काही?"

हृषीनं माझ्याकडे बघितलं. उत्तर निलूताईंनी दिलं.

"मी चोळणार होते," त्या म्हणाल्या. वर्गातला आवाज नव्हता तो. "हिनं हात धरला."

"चांगलं केलं," डॉक्टर म्हणाल्या आणि नर्सला इंजेक्शनचं नाव सांगितलं. मग यंत्र पुसता पुसता म्हणाल्या, "गाठ मोठी आहे, पण अजून जागेवर आहे. आणि ही आजची नाही. काही दिवस तरी झाले असतील."

निलूताई बाहेर गेल्या आणि माझ्यासाठी चहा घेऊन आल्या. माफी वगैरे त्यांनी मागितली नाही. बाकड्यावर शेजारी बसून त्या म्हणाल्या, "ओढणी दे ती. तेल लागलंय. वाळलं की डाग जायचा नाही." मी ओढणी दिली. पिन तिला तशीच होती. ती त्यांनी काढून स्वतःच्या मंगळसूत्राला अडकवली.

आईंचा चष्मा शोधायला म्हणून मी त्यांची बॅग उघडली. कपड्यांच्या खाली वर्तमानपत्रात काहीतरी गुंडाळलेलं होतं. वाटलं लग्नातला आहेर असेल. त्यांच्या सॅंडल होत्या त्या.

त्या सॅंडल लग्नात हरवल्या होत्या. निदान आईंनी तसं सांगितलं होतं. मांडवाच्या दारात कोणीतरी घालून गेलं, असं म्हणून त्या पहिल्या दिवसापासून निलूताईंच्या सैल रबरी सपाता घालून फिरत होत्या. निलूताईंनी त्यावरून मांडवातल्या सगळ्या पाहुण्यांचे पाय तपासले होते.

मी सॅंडल घेऊन आत गेले. आई एकट्या होत्या. हाताला सलाईन, पाय उशीवर. त्यांनी वर्तमानपत्राकडे बघितलं आणि डोळे वरच्या पंख्याकडे वळवले.

"डावी चढत नव्हती," त्या म्हणाल्या.

"कधीपासून?"

"पुण्याहून गेलो त्या दिवसापासून. उतरले तर पाय खाली टेकवेना. वाटलं, रात्रीतून उतरेल."

"म्हणजे जातानाच. सगळं लग्न तुम्ही त्या पायावर उभ्या होतात? आणि येताना पुन्हा त्याच वळकटीवर बसलात?"

"वळकटी मागून टोचून राहिली होती. जाताना कारंजा गाव आलं तोवर डोळ्यांत पाणी आलं होतं."

"मग बोलला का नाहीत? तो दर थोड्या वेळानं विचारत होता तुम्हाला."

"म्हणूनच नाही बोलले," आई म्हणाल्या. "आरशात बघितलं आहेस तू त्याचं तोंड, विचारताना? लहानपणी शाळेतून चित्र काढून आणायचा आणि विचारायचा, कसं आहे. तसंच. गाडी माझ्यासाठी घेतली पोरानं. गोधडी स्वतःच्या हातानं बांधली. त्याला कसं सांगू की बसवत नाही मला?"

मी सॅंडल पलंगाखाली ठेवल्या.

"निलूला सांगितलं असतं तर तिनं त्याला सांगितलं असतं," त्या म्हणाल्या. "तू बोलत नाहीस कोणाशी. म्हणून तुझ्या मांडीवर पाय ठेवला. वाटलं, ही चेपेल आणि गप्प बसेल."

मघाशी शेडखाली मला जे बरं वाटलं होतं, ते आठवून मला हसू आलं. बाकीही बरंच काही आलं. आईंनी माझा हात धरला.

"हृषीला नको सांगू."

मी सांगितलं नाही. त्यानंही मला कधी विचारलं नाही. डॉक्टर काही दिवस झाले असतील म्हणाल्या, तेव्हा तो तिथंच उभा होता.

इंजेक्शनं झाली, मग गोळ्या झाल्या. आईंच्या रक्ताची नळी आमच्याच विभागात येऊ लागली. नळीवरचं नाव वाचून मी ती दुसऱ्या मुलीकडे सरकवायचे आणि तिचा आकडा कागदावर उतरेपर्यंत जागचं उठायचे नाही. एक दिवस ते नाव येईनासं झालं. त्या वेळी आई घरी स्वयंपाकघरात निलूताईंना डाळीत मीठ जास्त झालं म्हणून बोलत होत्या.

लांबचा प्रवास आम्ही पुन्हा केला तो थंडीत, कोल्हापूरला. तीच गाडी. वळकटी नव्हती. हृषीनं पुढची सीट मागेपुढे करून, खाली काही न घालता आईंना पुढे बसवलं. निलूताई आणि मी मागे. सातारा मागे पडलं आणि त्यानं विचारलं.

"आई, बरं वाटतंय का?"

आई बोलल्या नाहीत. गाडीत आवाज नव्हता. ती शांतता मला ओळखीची होती, आणि माझे हात मांडीवर तसेच उताणे झाले, कोणाची टाच धरावी तसे. निलूताईंनी न बघता माझ्या हातावर हात ठेवला.

"नाही रे," आई म्हणाल्या. "सीटची कड मागून लागून राहिली. थांबव."

हृषीनं गाडी कडेला घेतली. इंजिन नसलेली गाडी बंद करायला काही लागत नाही, तरी त्यानं दोन्ही हात स्टिअरिंगवर तसेच ठेवले.

"तेव्हाही लागत होती?" त्यानं विचारलं. "यवतमाळला जातानाही?"

"हो."

त्यानं मान हलवली. उतरून पलीकडून आला आणि त्यांच्या बाजूचं दार उघडलं. आई त्याच्या खांद्यावर हात ठेवून उतरल्या आणि उसाच्या शेताच्या कडेनं चालू लागल्या. तो मागे मागे. काय बोलत होते ऐकू आलं नाही. एकदा आई थांबल्या आणि त्यांनी त्याच्या पाठीवर चापट मारल्यासारखं केलं.

परत आल्या तेव्हा त्या मागचं दार उघडून उभ्या राहिल्या.

"निलू, तू बस पुढं."

"मी कशाला पुढं?"

"तू बस म्हणते ना."

निलूताई पुढे गेल्या. आई माझ्याशेजारी आडव्या बसल्या, दाराला पाठ लावून, आणि डावा पाय उचलून माझ्या मांडीवर ठेवला. डॉक्टरांची परवानगी कधीच मिळाली होती, पण त्या पायाला मी तोवर हात लावला नव्हता.

मी साडीचा काठ सारून तळवा ठेवला. पोटरी मऊ होती, आणि गार.